हळदीच्या दुकानातले घड्याळ

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात संगणकाच्या कळांच्या फटींतही पिवळी पूड बसलेली असते. पण रात्रभर वीज नसली तरी सकाळी पडद्यावर तारीख आणि वेळ बरोबर उमटते. हे काम मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवरच्या, तीन व्होल्टच्या चपट्या बटण सेलचे. तो संपला की संगणक एकदम काही वर्षे मागे जातो, आणि मग बँकेचे संकेतस्थळही उघडत नाही, कारण त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्या मागच्या तारखेला सुरूच झालेली नसते.

सेलच्या जिवावर चालतो तो क्वार्ट्झचा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. आकडा चमत्कारिक वाटतो खरा, पण तो पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक, म्हणजे सेकंदाला एक ठोका उरतो, आणि निम्मे करणे हा तर संगणकाच्या डाव्या हातचा मळ. स्फटिकाची खोड अशी, की साधारण २५ अंश तापमानाला तो सर्वांत वेगाने चालतो. गारठा असो वा सांगलीचा एप्रिल, दोन्हीकडे रेंगाळतो. दिवसाकाठी सेकंद-दीड सेकंदाचा फरक सहज पडतो.

म्हणून इंटरनेट असले की संगणक दुसऱ्या संगणकाला वेळ विचारतो, तो आणखी वरच्याला, असे करत ही विचारणा अणूंच्या कंपनांवर चालणाऱ्या अतिअचूक अणुघड्याळांपर्यंत पोचते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात घडवलेल्या एनटीपी या पद्धतीत प्रश्न निघाला केव्हा, पोचला केव्हा, उत्तर निघाले केव्हा आणि हाती आले केव्हा, या चार नोंदींवरून वाटेत गेलेला वेळ काढतात; जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला, असे मात्र गृहीत धरावे लागते. (सांगलीचा सूर्य यातल्या कशालाच जुमानत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, त्यामुळे आपली माध्यान्ह सुमारे अर्धा तास उशिरा होते.)

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती पुढची रीत. आपण किंचित पुढे गेलो आहोत असे कळले, तरी संगणक सहसा काटा मागे ओढत नाही. तो आपली चाल मंदावतो आणि खऱ्या वेळेला आपल्याला गाठू देतो. एक दशांश सेकंदाचा फरक मिटवायला असे तीन मिनिटांहून अधिक लागू शकतात. घाई केली असती, तर आत्ता फाडलेले हळदीचे बिल त्याआधीच्या बिलापूर्वीचे ठरले असते, आणि मग हिशेबनीसाला तोंड कोणी दिले असते?