तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओच्या आवाजाखालचा कोड

सांगलीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, काउंटरवर एक जुना ट्रान्झिस्टर कायम उघडून ठेवलेला असतो, त्यामुळं डिप्लोमाची पोरं येता-जाता हमखास एकच प्रश्न टाकतात. "काका, एएम रेडिओवर प्रोग्रॅमच्या खाली गुप्त कोड चालू असतो म्हणे, खरंय का? आणि असेल तर आपल्याला ऐकू का येत नाही?" प्रत्येकाला उभ्या-उभ्या अर्धवट सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

खरंय. पण गुप्तहेर वगैरे डोक्यातून काढा. यातला सगळ्यात नावाजलेला कोड कशासाठी होता, तर इंग्लंडमधल्या घरांत रात्री हीटर चालू करायला.

बीबीसीचं रेडिओ ४, लाँग वेव्हवर (आपल्या मीडियम वेव्हपेक्षाही लांब लहर), १९८ किलोहर्ट्झ, मुख्य ट्रान्समीटर ड्रॉइटविच नावाच्या गावाजवळ. तिकडं बऱ्याच घरांत रात्रीची वीज स्वस्त, सात तास, मग त्या वेळात हीटरमधल्या विटा तापवून ठेवायच्या आणि दिवसभर त्याची ऊब घ्यायची. आता लाखो मीटरना "आता स्वस्त दर सुरू" हे सांगायचं कसं? प्रत्येक घरात घड्याळ बसवलं तर ते पुढं-मागं होणार, लाईट गेली की बोंबललं. म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी डोकं लावलं की रेडिओची लहर तशीही देशभर प्रत्येक घरात पोचतेच आहे, तिच्यावरच आदेश चढवू. मीटरशेजारच्या डब्यात छोटा रिसीव्हर, त्याला बातम्यांशी देणंघेणं नाही, तो फक्त कोड ऐकायचा आणि वेळ झाली की रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, टकदिशी ओढायचा. रेडिओ टेलिस्विच म्हणतात त्याला.

आता ऐकू का येत नाही ते. भजनात टाळ वाजवणारा दोन गोष्टी करू शकतो, टाळ जोरात-हळू वाजवणं आणि टाळ केसभर आधी किंवा केसभर उशिरा वाजवणं. एएममध्ये आवाज असतो तो जोरात-हळूमध्ये. आपल्या ट्रान्झिस्टरमधला डिटेक्टर डायोड फक्त तेवढंच बघतो, लहर किती उंच आली, वेळेवर आली का नाही याची त्याला अक्कलच नाही. मग कोडवाल्यांनी काय केलं, उंचीला हात न लावता फक्त वेळ हलवली, म्हणजे फेज. १९८ किलोहर्ट्झच्या लहरीचा एक फेरा साधारण ५ मायक्रोसेकंदांचा, त्यात २२.५ अंश पुढं किंवा २२.५ अंश मागं, म्हणजे फेऱ्याचा १६ वा भाग. एवढंच हलवायचं. निवेदक बोलतोय, क्रिकेटची कॉमेंट्री चाललीय, आणि त्याच लहरीवर हे सरकणं चालू.

स्पीड किती? सेकंदाला २५ बिट, बिट म्हणजे एक शून्य नाहीतर एक १. हो, २५. आजच्या पोरांना हे सांगितलं की हसतात, एक गुड मॉर्निंगचा फोटो यावरून पाठवायचा तर दिवस मोडेल. पण मीटरला फोटो नको असतो. ५० बिटचा एक गठ्ठा, बरोबर दोन सेकंदात संपतो, मिनिटाला ३० गठ्ठे. गठ्ठ्यात पहिला बिट नेहमी १, मग ४ बिट कशासाठीचा निरोप आहे ते सांगायला, ३२ बिट खरा माल, आणि शेवटचे १३ बिट तपासणीचे. ५० मधले १३ नुसते तपासायला! मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. वीज कडाडली, शेजारच्या मोटरनं खरखर केली आणि एखादा बिट उलटा वाचला गेला तर हिशोब जुळत नाही, तो गठ्ठा टाकून द्यायचा, पुढच्याची वाट बघायची. आणि स्पीड इतका कमी असल्यानं कोड लहरीच्या अगदी मध्याला चिकटून बसतो, आवाजाच्या पट्ट्यात जवळजवळ जातच नाही, लहानशा स्पीकरमधून एवढे खालचे सूर तसेही निघत नाहीत.

सांगलीत बसून लाँग वेव्ह पकडायच्या नादाला लागू नका, एवढ्या लांबून ती आपल्याकडं येत नाही. पण नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही चालवता येतो. टेलिस्विच चालू असताना मी पोरांना तोच लावून दाखवायचो. १९८ लावायचं, एएम मोडमध्ये नुसता माणसाचा आवाज. मग मोड बदलून सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स कोड ऐकायचा मोड, करायचं आणि फिल्टर बारीक करायचा, की माणूस जवळपास गायब आणि एक सलग शिट्टी उरते. कान देऊन ऐकलं तर ती शिट्टी सरळ नाही, बारीक थरथरते. ती थरथर म्हणजेच डेटा. इथं पोरं गप्प व्हायची. आकाशवाणी सांगलीची १२५१ किलोहर्ट्झची लहर मी कॉम्प्युटरला लावायच्या रेडिओ डोंगलवर बघितली तेव्हा मात्र असली थरथर काही दिसली नाही, नुसती शांत सरळ रेघ.

फ्रान्समध्ये तर उलटीच गंमत झाली. तिथं १६२ किलोहर्ट्झवर फ्रान्स इंटर चालायचं आणि त्याच्या खाली वेळेचा कोड, सेकंदाला एक बिट. २०१६ संपताना प्रोग्रॅम बंद झाला, पण ट्रान्समीटर बंद करता येईना, कारण रेल्वेची वगैरे घड्याळं त्या कोडवर चालतात. म्हणजे गाणी-गप्पा गेल्या आणि खालचा कोडच तेवढा मागं राहिला. मीडियम वेव्हसाठीही असंच एक स्टँडर्ड आहे, एएमएसएस, त्यात स्टेशनचं नाव वगैरे जातं, स्पीड ४७ बिटपेक्षा जरासा कमीच, पण ते फार काही चाललं नाही.

मग पुढचा प्रश्न येतोच, विशेषतः तासगाव, पलूसकडच्या पोरांकडून, ज्यांच्या घरी ऊस नाहीतर द्राक्षं आहेत: हे आपल्या शेतीपंपांना का नाही केलं? रात्री-अपरात्री थ्री फेज लाईट येते, बाप बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, साप-किरडू वेगळंच. माझं मत विचाराल तर २५-३० वर्षांपूर्वी हे करण्यासारखं होतं. एक ट्रान्समीटर, जिल्हाभर पोच, ना सिम, ना रिचार्ज, ना रेंजची भानगड, आणि रिसीव्हरचा खर्च काही फार आला नसता. आज नाही. कारण रेडिओ एकतर्फी आहे, तो आदेश देतो आणि मोकळा होतो, पलीकडं रिले ओढला गेला का नाही हे त्याला कळतच नाही. इंग्लंडमध्येही नवे स्मार्ट मीटर दोन्ही बाजूंनी बोलणारे आले आणि ३० जून २०२५ पासून टेलिस्विच टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतलं. आपल्या शेतकऱ्याला तर मोटर चालू झाल्याचा, पाणी ओढत नसेल तर बंद पडल्याचा निरोप घरी बसून हवा असतो, नाहीतर खात्री करायला बॅटरी घेऊन विहिरीवर जावंच लागणार, आणि तो निरोप आजचा मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा) देतो, त्यानं कितीही वेळा सिमचं रडगाणं गायला लावलं तरी.