नवतपा आणि ३७ अंश

क्षयरोगाच्या जंतूला वाढायला ३७ अंश सेल्सिअस तापमान लागते, हे वाक्य डीएमएलटीच्या (प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेच्या) परीक्षेत मी कितीतरी वेळा लिहिले असेल. पण ते पाळणे किती अवघड असते, हे मला नागपूरच्या मे महिन्याने शिकवले. साधा इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी ठराविक तापमान राखणारी पेटी, आतली हवा फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्यामुळे खोलीच ३७ अंशांच्या वर गेली की त्याच्या हातात काही उरत नाही. आमच्याकडे कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवण्याच्या, खोलीतला एसी माणसांसाठी नसून बाटल्यांसाठी असतो, हे नवीन येणाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागते.

मी संसर्गजन्य रोगांच्या संशोधन प्रकल्पात तंत्रज्ञ म्हणून काम करते. घरच्यांना त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली आहे, ती म्हणजे मी अंडी फोडते. ते खोटेही नाही. जंतू ज्यावर वाढवतात त्या एलजे मीडियासाठी ताजी, शक्यतो आठवड्याच्या आतली अंडी लागतात, आणि ज्या कोंबड्यांना प्रतिजैविके दिलेली नाहीत त्यांची लागतात, नाहीतर औषधाचा अंश आमच्या जंतूलाच मारायचा. अंडी साबणाच्या पाण्याने घासून, स्पिरिटमध्ये भिजवून, एकेक वेगळ्या भांड्यात फोडून पाहायची. मग त्यात क्षार, ग्लिसरॉल आणि मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग मिसळून, जाळीच्या कापडातून गाळून, बाटल्यांत भरून, त्या तिरप्या ठेवून ८५ अंशांवर पाऊण-एक तास तापवून मिश्रण घट्ट करायचे. बाहेर येते ती कोवळ्या पोपटी रंगाची उतरण. उष्णता जास्त झाली तर रंग उडतो आणि पृष्ठभागावर बुडबुडे धरतात. असा घाणा सरळ फेकून द्यावा लागतो.

दोन तासांत निकाल देणारे यंत्र असताना हा अंड्यांचा खटाटोप कशाला, असे मला नेहमी विचारतात. ते यंत्र जंतूचा डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए काही काळ थुंकीत सापडतो. उपचार सुरू असलेल्या रुग्णात जंतू जिवंत आहे का, हे कळायला तो वाढवूनच पाहावा लागतो. काही साधे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात. म्हणून बाटली आठ आठवडे ठेवायची, दर आठवड्याला उजेडात धरून पाहायची. वाढ दिसली, तर ती ब्रेडच्या चुऱ्यासारखी खरखरीत आणि फिकट पिवळसर असते, आणि एकदा पाहिली की विसरत नाही. दिसली नाही, तर ‘वाढ नाही’ असे लिहायचे, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत जबाबदारीची नोंद तीच आहे, कारण वाढ नसण्याला जंतू नसणे हे एकच कारण नसते.

दोन वर्षांपूर्वी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एका शनिवारी दुपारनंतर आमचा एसी बंद पडला. त्याची तक्रार एप्रिलपासून वहीत होती. ती कोणी वाचली नाही, हा राग माझ्या मनात अजून आहे. सोमवारी सकाळी इन्क्युबेटरमधल्या थर्मामीटरची कमाल खूण ४२ वर अडकलेली दिसली. आमचा मदतनीस काळजीने म्हणाला, “ताई, घरचा कुलर घेऊन येऊ काय? नवीन ताट्या लावल्या आहेत.” नागपूरकराला उन्हाळ्यावर दुसरा इलाज सुचतच नाही; पण कुलरचा झोत, ज्यात आम्ही जंतू हाताळतो त्या बायोसेफ्टी कॅबिनेटच्या तोंडाशी असलेला हवेचा पडदा मोडतो, आणि कुलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या गवती ताट्यांमधून बुरशी खोलीभर होते. त्याला हे समजावताना मला स्वतःचेच वाईट वाटत होते.

आधीच वाढ दिसलेल्या बाटल्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता त्या आठवड्यात पेरलेल्या अकरा रुग्णांच्या बाटल्यांचा. त्यांत आता काही उगवले नाही, तर तो औषधाचा गुण मानायचा की उन्हाचा? कमाल तापमान रजिस्टरमध्ये जसेच्या तसे लिहून मी प्रकल्पाच्या डॉक्टरांना दाखवले, आणि नवीन नमुने मागवायचे ठरले. फोन मलाच करावे लागले. काटोलकडच्या एका काकाजींनी घाबरून विचारले, “पुन्हा काहून जी? मी गोळ्या तर बरोबर घेऊन राह्यलो.” चूक तुमची नाही, आमच्याकडची आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितले, तरी ते पहाटेच्या एसटीने थुंकीची डबी घेऊन आले तेव्हा गोळ्यांची रिकामी पाकिटेही पिशवीत होती.

जुन्या आणि नव्या, दोन्ही बाटल्या आम्ही आठ आठवडे पाहिल्या. दहा जणांचे निकाल जुळले. अकराव्याच्या नव्या बाटलीत पाचव्या आठवड्यात तीन कण दिसले. जुनी शेवटपर्यंत कोरी राहिली. त्यात उन्हाचा हात होता, की पहिल्या दिवशीच्या थुंकीतच जंतू कमी होते, हे बाटलीवरून ठरवता येत नाही. रजिस्टरमध्ये त्या दोन नोंदी एकाखाली एक आहेत, आणि वरच्या नोंदीपुढे माझ्या अक्षरात ४२ लिहिलेले आहे.