ट्राइकची डिकी अडकते तेव्हा

ट्राइक म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. पुढे एक आणि मागे दोन, म्हणजे चाकांची मांडणी रिक्षासारखी, पण बसायचं बाइकवर बसतो तसं, दोन्ही हातांत हँडल धरून, उघड्यावर. काही ट्राइकमध्ये हे उलट असतं, पुढे दोन चाकं आणि मागे एक. माझी पहिल्या प्रकारातली आहे. मूळची मोठी टूरिंग बाइक, म्हणजे लांबच्या प्रवासाची. आधीच्या मालकाने तिचं मागचं चाक काढून तिथे ॲक्सल (चाकांचा आस), डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आणि दोन चाकं बसवून घेतली आणि त्यावर फायबरची रुंद बॉडी चढवली. त्या बॉडीच्या पोटात डिकी. दोन माणसांचं चार दिवसांचं सामान तिच्यात आरामात मावतं.

मागे पेटी असलेली तीनचाकी ही इथली, अमेरिकेतली, जुनी गोष्ट आहे. हार्ले-डेव्हिडसनने १९३२ साली सर्वी-कार नावाची तीनचाकी काढली, ती मुख्यतः गॅरेजवाल्यांसाठी. दुरुस्त झालेली मोटार गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, तर सर्वी-कार त्या मोटारीच्या मागे जोडून न्यायची आणि परत येताना तिच्यावर बसून यायचं. मागच्या पेटीत हत्यारं. पुढे पोलिसांनीही ती भरपूर वापरली आणि १९७३ पर्यंत ती बनत होती. ट्राइकला डिकी ही नंतर सुचलेली चैन नाही, तिचा जन्मच सामान वाहण्यासाठी झाला आहे. म्हणूनच त्या डिकीचा खटका अडकतो तेव्हा अर्धी गाडी बंद पडल्यासारखी वाटते.

मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात राहते. इथे ट्राइक चालवायची तर लायसन्सवर तीन चाकांची वेगळी नोंद लागते. दोन चाकांची नोंद असली तरी ती चालत नाही. हेल्मेट चालवणाऱ्यालाही हवं आणि मागे बसणाऱ्यालाही. मला ही वेगळी नोंद अगदी योग्य वाटते, कारण ट्राइक वळणावर झुकत नाही. बाइकची सगळी सवय बाजूला ठेवून हँडल हातांनी वळवावं लागतं आणि अंग बाहेर फेकलं जातं ते सांभाळावं लागतं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जड बाइक पायांवर तोलणं मला जमेना, तेव्हा मी ट्राइककडे वळले. नवरा मागे बसतो, आणि आमच्या दोघांचं जे काही असतं ते त्या डिकीत.

ऑगस्टमध्ये इथे गव्हाची कापणी चालू असते. हायवे दोनने पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं रान आणि कापणीयंत्रांच्या मागे उठलेली धूळ. ही माती लोएसची, वाऱ्याने आणून टाकलेली, पिठापेक्षाही बारीक. ती कुठेही शिरते. कूली सिटीहून उत्तरेला १५५ क्रमांकाचा रस्ता बँक्स लेकच्या काठाने ग्रँड कूली धरणाकडे जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काळ्या बेसॉल्टचे सरळसोट कडे. कोलंबिया नदीवरचं हे धरण १९३३ ते १९४२ या काळात बांधलं. काँक्रीटची भिंत जवळपास १.६ किलोमीटर लांब. धरण समोर दिसेल अशा जागी गाडी लावली, पार्किंग ब्रेक ओढला आणि डिकीची लिव्हर ओढली. डिकी उघडली नाही.

पश्चिमेकडून ढग चढत होते. रेनकोट आत, नवऱ्याच्या गोळ्या आत, गाडीचे कागद आत. नवऱ्याने झाकणाच्या कडेखाली बोटं घालायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला आधी थांबवलं.

झाकण वर ओढायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबते. डिकीच्या खटक्यात एक फिरता आकडा असतो आणि झाकणावर किंवा काठावर लोखंडी कडी. झाकण बंद केलं की कडी आकड्याला ढकलून आत जाते, आकडा तिच्याभोवती फिरतो आणि एक छोटी खिटी त्याला मागे फिरू देत नाही. बटण दाबलं किंवा लिव्हर ओढली की केबल त्या खिटीला बाजूला करते. आता झाकण वर ओढलं तर कडी आकड्याला खेचते आणि आकडा खिटीवर आणखी दाबून बसतो. जितका जोर लावाल तितका खटका घट्ट. आणि फायबरला हा जोर सोसत नाही. वरचा चकचकीत थर कोपऱ्यावर तडकतो आणि ती तडक रंगाखालून पसरत जाते. खटका नवीन मिळतो, पण तडकलेलं झाकण पूर्वीसारखं करणं फार कष्टाचं काम आहे.

म्हणून झाकण खाली दाबायचं, आणि तेही मधोमध नाही, जिथे खटका आहे बरोबर त्याच्या वर. एकाने तळहाताने दाबून धरायचं, दुसऱ्याने त्याच वेळी लिव्हर ओढायची. खिटीवरचा भार उतरला की ती बाजूला होते. डिकी ठासून भरलेली असेल आणि आतली बॅग झाकणाला वर ढकलत असेल, तर बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. आमचं झालं नाही.

मग लिव्हरकडे लक्ष द्यायचं. हाताला ती कशी लागते यावरून बरंच कळतं. ढिली, काही न पकडल्यासारखी लागली तर केबल तुटली आहे किंवा केबलचं बाहेरचं आवरण त्याच्या खोबणीतून निसटलं आहे, आणि मग ओढलेली सगळी लांबी आवरण सरकण्यातच जाते. लिव्हर नेहमीसारखी चालली, खट् असा आवाजही आला, पण झाकण उठलं नाही, तर खटका सुटला आहे आणि कडेचं रबर चिकटलं आहे; उन्हाने चिकटतं, हिवाळ्यात बर्फाने चिकटतं. अशा वेळी प्लास्टिकची पट्टी कडेकडेने फिरवली की पुरे. लोखंडी पेचकस तिथे अजिबात घालू नये. काही ट्राइकमध्ये केबलऐवजी विजेवरचा खटका असतो. त्यातून नुसती घरघर आली आणि खिटी हलली नाही, तर बॅटरी उतरलेली आहे का ते आधी पाहावं. माझी लिव्हर कडक लागत होती, अर्ध्यावर येऊन थांबत होती. म्हणजे केबल शाबूत होती आणि अडलं होतं ते खटक्याच्या आतच.

इतक्यात एक वयस्क जोडपं त्यांच्या ट्राइकवरून आलं आणि आम्हाला वाकलेलं पाहून थांबलं. इथे रस्त्याकडेला बाइकवाला दिसला की दुसरा बाइकवाला थांबतो. हे मला इथल्या माणसांमधलं फार मोलाचं वाटतं. आजोबांनी आधी विचारलं, इंजिन बंद करून किती वेळ झाला? मागच्या बॉडीखालून एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाच्या धुराचा नळ, जातो आणि तिथे हात घालायचा तर तो निवायला हवा. मग त्यांनी नंबरप्लेटकडे बोट दाखवलं. माझ्या ट्राइकमध्ये प्लेटच्या मागे फायबरला वायरिंगसाठी भोक ठेवलेलं आहे, आणि खटका त्याच्या अगदी वर येतो. हे प्रत्येक ट्राइकला असंच असेल असं नाही. कुठे मागचा दिवा काढून आत पोचता येतं, कुठे सीट काढून केबलचं टोक पकडीने ओढता येतं. पण डिकीत जाण्याचा दुसरा रस्ता जवळपास नेहमी असतो, आणि तो आपल्या गाडीत कुठे आहे हे घरी, उजेडात, निवांतपणे शोधून ठेवावं.

हत्यारांची पिशवी मी पुढे हँडलजवळच्या कप्प्यात ठेवते, म्हणून प्लेटचे स्क्रू काढता आले. माझा पेचकस आखूड पडला, त्यांच्याकडे लांब दांड्याचा होता. टॉर्चच्या उजेडात खटका दिसला. आकड्यावर जाड, काळसर राखाडी लेप चढला होता. आधीच्या मालकाने कधीतरी भरपूर ग्रीस भरलेलं, त्यात वर्षानुवर्षं ती बारीक धूळ जाऊन बसलेली. ग्रीस आणि लोएस मिळून तयार झालेला तो चिखल खिटीला पूर्ण सरकूच देत नव्हता. पेचकसाच्या टोकाने आधी खिटीच्या कडेचा लेप खरवडला. मग नवऱ्याने झाकण दाबून धरलं आणि मी त्याच टोकाने खिटी ढकलली. पहिल्यांदा ती सरकून परत आली. पुन्हा ढकलली तेव्हा सुटली आणि झाकण बोटभर वर आलं. रेनकोट चढवले तोवर पाऊस सुरू झाला होता.

पुढच्या प्रवासात झाकण खटक्यात बंदच केलं नाही. मालाचा पट्टा वरून घेऊन दोन्ही बाजूंना घट्ट बांधला. अडकलेला खटका एकदा उघडला म्हणजे दुरुस्त झाला असं समजून लोक झाकण पुन्हा बंद करतात, आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच.

घरी आल्यावर खटका पूर्ण बाहेर काढला. काढण्याआधी त्याच्या आणि कडीच्या भोवती मार्करने रेघ मारून घेतली, कारण ही भोकं लांबट असतात आणि जागा एका मिलिमीटरने चुकली तरी झाकण नीट बसत नाही. जुना लेप केरोसिनसारख्या द्रावणात फडकं भिजवून पुसला, सांध्यांत जुना टूथब्रश फिरवला. फवाऱ्याच्या डब्यांबद्दल एक सांगते. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा घट्ट बसलेला भाग मोकळा करायला चांगला आहे, पण तो मारून काम संपत नाही. तो उडून जातो आणि मागे फारसं वंगण राहत नाही. धुळीच्या भागात खटक्याला टेफ्लॉनचं कोरडं वंगण द्यावं, त्यावर धूळ कमी चिकटते. किल्लीच्या कुलपात तेल किंवा ग्रीस नकोच, तिथे ग्रॅफाइटची पूड. ओलसर, खारट हवेत राहणाऱ्याने मात्र खटक्याला पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा, कारण तिथे धुळीपेक्षा गंज मोठा शत्रू. वंगण कोणतं हे गाडी कुठे फिरते त्यावर ठरतं; सगळीकडे एकच डबा चालवण्याची सवय मला पटत नाही.

खटका परत बसवल्यावर झाकण लगेच बंद करायचं नाही. झाकण उघडंच ठेवून पेचकसाचा गोल दांडा कडीच्या जागी आकड्यात ढकलायचा, आकडा फिरून बंद होईल. मग लिव्हर ओढून तो सुटतो का पाहायचं. सलग अनेकदा, आणि किल्लीनेसुद्धा. काही चुकलं असेल तर ते उघड्या झाकणाशी कळतं. आमच्या खटक्याला पहिल्या चाचणीत केबल थोडी कमी पडत होती. केबलच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा नट असतो, तो दोन फेरे फिरवला तेव्हा खिटी पूर्ण सरकू लागली. फार ताणूही नये. खिटी कायम अर्धवट ओढलेली राहिली तर खड्ड्यात डिकी आपोआप उघडेल, आणि मागून येणाऱ्या गाडीपुढे आपली बॅग पडेल. लिव्हरला हाताला जाणवेल इतका, मिलिमीटर-दोन मिलिमीटर, ढिलेपणा ठेवावा.

आणखी एक गोष्ट केली, ती त्या आजोबांच्या ट्राइकवर पाहिली होती. खिटीच्या लिव्हरला बारीक, मजबूत तार बांधून तिचं दुसरं टोक नंबरप्लेटच्या मागच्या भोकापर्यंत आणून ठेवलं. केबल तुटली, कुलूप गोठलं, काहीही झालं तरी प्लेटचे दोन स्क्रू काढून तार ओढली की डिकी उघडते. तार चाकापासून आणि एक्झॉस्टपासून लांब आहे ना, आणि सामान भरल्यावर ताणली जात नाही ना, हे दोनदा पाहिलं. नवऱ्याच्या गोळ्यांचा एक संच आणि एक पातळ रेनकोट आता पुढच्या कप्प्यात असतो.

केबलच्या टोकाशी आतल्या तारेचे दोन धागे तुटलेले दिसले. ती अजून चालते आहे, पण असे धागे तुटायला लागले की बाकीचेही जातात, म्हणून नवी मागवली आहे. गाडी आधी कोणीतरी बदलून घेतलेली असल्याने मूळ बाइकच्या पुस्तकात या केबलचा उल्लेखच नाही. जुनी केबल काढून आवरणाची लांबी आणि बाहेर राहणाऱ्या तारेची लांबी, दोन्ही वेगवेगळी मोजून कळवावी लागली, आणि तोवर तीच परत बसवली. नवी आली की जुनीच्या टोकाला दोरी बांधून जुनी बाहेर ओढणार, म्हणजे नवी त्याच वाटेने आत घेता येईल आणि पुन्हा सगळी बॉडी सोडवावी लागणार नाही.