नशिबात लिहिलंय, तर जाब कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लातूरला शिक्षक होतो तेव्हा स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास निघायचा : ‘सर, तुमच्यात सगळं अल्लाहनं आधीच लिहिलेलं असतं म्हणता, मग कयामतीला, म्हणजे अखेरच्या निवाड्याच्या दिवशी, माणसाला जाब कशाचा विचारतात?’

हा प्रश्न मुसलमानांनी एकमेकांना पहिल्या शंभर वर्षांतच विचारला, आणि त्यापायी माणसं जिवानिशी गेली. उमय्या या खलिफा घराण्याची राजवट म्हणजे अल्लाहचीच मर्जी, असं तेव्हा सांगितलं जाई. माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे, असं म्हणणाऱ्या गैलान दिमश्की या विचारवंताला त्याच घराण्यातल्या खलिफा हिशामनं ठार केलं. सत्तेला नशीब फार सोयीचं पडतं. आपल्याकडं दुष्काळात पाणी विकणाऱ्या टँकरवाल्यालाही पडतं.

पुढं मुतझिला, म्हणजे बुद्धीवर भर देणाऱ्या पंथाचे लोक, म्हणाले, अल्लाह न्यायी आहे तर कर्म माणसाचंच असलं पाहिजे. त्यांच्यातूनच बाहेर पडलेले अशअरी म्हणाले, कर्म निर्माण करतो अल्लाह, माणूस ते फक्त कमावतो, म्हणजे आपल्या नावावर घेतो. याला ‘कस्ब’ म्हणतात. मला ही पळवाट वाटते, मोठमोठ्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, उचलून धरली असली तरी. आमच्याकडचे बहुतेक सुन्नी धर्मकायद्यात हनफी परंपरेचे. त्यांना जवळचे समरकंदच्या मातुरीदींचे अनुयायी. निर्मिती अल्लाहची, पण निवड खरोखर माणसाची, असं ते मानतात. जाब त्या निवडीचा.

पण मला खरं उत्तर मिळालं ते दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या गोष्टीत. इसवी सन ६३९च्या सुमाराला शामकडं, म्हणजे सीरियाकडं, जाताना त्यांना पुढं प्लेगची साथ असल्याचं कळलं. सगळ्यांशी मसलत करून ते माघारी वळले. तिथले त्यांचे सेनापती अबू उबैदा यांनी टोकलं, ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता?’ उमर म्हणाले, ‘हो. अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडं. खोऱ्याची एक बाजू हिरवी अन्‌ दुसरी उजाड असली, तर उंट कुठंही चारलास तरी तकदीरच ना?’ दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. अबू उबैदा पुढं त्याच साथीत वारले. साथीच्या गावात जाऊ नये, असलात तर तिथून निघू नये, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे.

१९९३ला किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा ‘नशीब’ हा शब्द हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या तोंडी होता. जमीन हलणं कुणाच्या हातात नव्हतं. पण माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंती अन्‌ माळवदांखाली. घर गेलेल्याच्या दारात बसलो तर मीही तकदीरच म्हणतो. तिथं भिंतीचा हिशेब काढणारा माणूस निर्दयी. तोच माणूस सहा महिन्यांनी पाया खोदायला निघाला की मात्र मी इंजिनिअरचा पत्ता देतो. नुसतं ‘अल्लाह बघेल’ म्हणून विनासळईचं घर उभारलं, तर तीही निवडच झाली.