तुमच्या माहेरी एकही धड गाडी नव्हती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नानंतर हा प्रश्न पहिल्यांदा नणंदेने विचारला, मग बँकेतल्या मैत्रिणींनी, आणि आता जुना अल्बम निघाला की मुलं विचारतात. एका फोटोत आमचं अख्खं घर तीन चाकी टेम्पोच्या हौद्यात उभं आहे. दुसऱ्यात आबा बुलेटवर बसलेत, पण तिचं इंजिन काहीतरी वेगळंच दिसतंय. तिसऱ्यात दोन दारांची एक बुटकी मोटार आहे आणि तिच्या दारावर, गुडघा फुटल्यावर लावतात तसा, भलामोठा ठिगळ. "आई, आजोबांना असल्या गाड्यांचा नाद होता का गं?"

नाद अजिबात नव्हता. आबांचा नाद एकच, बैल. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथेही ते घोडे बघायला जात. घ्यायची ऐपत नव्हती, पण दात बघून जनावराचं वय सांगायची भारी हौस. इंजिनाला दात नसतात म्हणून असेल, गाडीशी त्यांचं कधी जमलं नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं. माझ्या लहानपणी घरात एकच वाहन होतं, डमणी, म्हणजे माणसं न्यायची बैलगाडी. माय लग्न होऊन आली ती डमणीतून, आणि मला शाळेत घालायला नेलं तेही डमणीतूनच. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, कडबा मिळेना, आणि आबांनी एक जोडी विकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मायने मला कितीतरी वेळा सांगितलंय. डमणी मात्र विकली नाही. दोन वर्षं ती तशीच खळ्यात जू टेकून उभी होती आणि आम्ही पोरं तिच्यात बसून मुंबईला जाऊन येत होतो.

मग टेम्पो आला. एकटा नाही, काकांच्या भागीदारीत, आणि तोही कुणीतरी वापरून टाकलेला. पुढे एक चाक, मागे दोन. टेम्पो हा शब्द आपण आता कुठल्याही मालवाहू गाडीला लावतो, पण मुळात ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. त्यांची ही तीन चाकी 'हॅन्सीट' आपल्याकडे १९५८ नंतर बनायला लागली आणि नाव सगळ्या जातीला चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं.

या टेम्पोची ओढ पुढच्या एकुलत्या चाकाला. डांबरी रस्त्यावर त्याचं काही वाटत नसे. पण मागे कापूस खच्चून भरला आणि शिवारातून चढ लागला, की सगळा भार मागे जायचा आणि पुढचं चाक हलकं होऊन ओल्या काळ्या मातीत नुसतं जागच्या जागी फिरायचं. फिरफिर फिरायचं आणि धूर काढायचं, बैल नुसतंच फुरफुरतो तसं. काकांनी त्यावर उपाय काढला होता. चढ आला की मला आणि भावाला टेम्पोच्या नाकाडावर दोन बाजूंना बसवायचं. आमची नेमणूकच वजन म्हणून होती. पीक चांगलं असेल त्या वर्षी शेजारची दोन पोरं जास्तीची लागायची. आज कुणी लेकरांना असं बसवलं तर पोलीस येतील, आणि यायलाच हवेत. पण तेव्हा गावात आमचा भाव काय होता म्हणून सांगू! एकदा वळणावर टेम्पो कलंडला. दोष गाडीचा नव्हता, काकांनी तिच्या ताकदीच्या दीडपट कापूस भरला होता. आम्ही दोघं उडून कापसावरच पडलो. खरचटलंसुद्धा नाही.

कापसावरून आठवलं. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासून. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, रात्र रात्र, कधी दोन-तीन दिवस. त्या रांगेत आमचा एकटाच टेम्पो. बैलगाडीवाल्यांना बैल सोडून चारा टाकता यायचा, माणसं गाडीखाली झोपायची, चुली पेटायच्या. टेम्पोला सोडायचं काय? रांग दहा हात पुढे सरकली की काका तो ढकलत न्यायचे, सुरू केला तर तेल जळेल म्हणून. पलीकडचे एक बाबा दरवेळी विचारायचे, "हाई बैलले चारा नई का रे भो?" आणि सगळी रांग हसायची.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या रांगेत आहे. कापूस घातला म्हणजे पैसे हातात आले असं नसे. चुकारा यायचा, आणि तो हप्त्यांनी. आज थोडा, पोळ्याच्या आधी थोडा. नव्या गाडीची पूर्ण रक्कम एकरकमी आमच्या घरात कधी जमलीच नाही. नवी स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची पद्धत होती. ज्यांचे मुंबई-पुण्याला ओळखीचे असत त्यांनी तसं केलं. आबा चुकारा आला की त्या आठवड्यात पंचक्रोशीत जी गाडी विकाऊ असेल ती बघायला जायचे. आणि त्या आठवड्यात विकाऊ असणारी गाडी ही बहुधा कुणालाच नको असलेली गाडी असते.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे मिस्तरी.

आमच्या गावात एकच मिस्तरी, आणि तो गाड्यांचा नव्हे, विहिरीवरच्या इंजिनांचा. वीज मळ्यापर्यंत यायच्या आधी पाणी डिझेलच्या इंजिनावर निघायचं. एक सिलिंडर, पाचेक हॉर्सपॉवर, शेजारी गार पाण्याचं पिंप. ते सुरू करायची एक रीत होती. वॉल्व्ह उचलायची छोटी कळ वर करायची, म्हणजे आतला दाब निघून जातो. हँडल घालून जड चाक गरागरा फिरवायचं. चाकाने वेग धरला की कळ खाली टाकायची. इंजिन एकदा ठोका देतं, दुसरा देतं, आणि मग सगळ्या शिवाराला कळतं कुणाच्या मळ्यात पाणी सुरू झालं. मिस्तरी घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुणाचा नोझल धरलाय. त्याचा आबांना एकच सल्ला असे : "गाडी कोनतीबी ल्या आबा, पन इंजिन मना वळखीनं पायजे."

म्हणून डिझेल बुलेट.

अशी गाडी असते हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. पण होती, कंपनीचीच, टॉरस नावाची. १९८० च्या दशकात रस्त्यावर आली. सांगाडा बुलेटचा आणि पोटात ३२५ सीसीचं, साडेसहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, म्हणजे आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचंच जरा धाकटं भावंड. वजन जवळजवळ दोन क्विंटल. मिस्तरीने ती पहिल्यांदा पाहिली, वॉल्व्ह उचलायची कळ कुठे आहे ते शोधलं, ती सापडताच त्याचं तोंड असं फुललं की आबांनी भाव करायच्या आधीच सौदा झाल्यासारखा होता. आणखी एक कारण होतं. इंजिनासाठी घरात डिझेलचा पिंप कायम भरलेला असायचा, आणि डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावातही मिळायचं. आबांच्या हिशोबाने गाडी लिटरला सत्तरच्या पुढे जायची. आबांचा हिशोब म्हणजे आबांचा, पण पेट्रोलपंपावर आमच्या घरातलं कुणी क्वचितच दिसायचं हे खरं.

वेग साठच्या आसपास, तोही उतारावर जास्त. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. मायचं माहेर शेंदुर्णीचं. पाचोरा-जामनेर या अडीच फुटी रुळांवरच्या पी.जे. गाडीने ती लहानाची मोठी झालेली. तिच्या मते बुलेट जरा जोरातच पळायची.

हादरे मात्र सांगण्यासारखे. मी प्रताप कॉलेजात शिकत होते. टी.वाय.ची परीक्षा, अर्थशास्त्राचा पेपर, एसटी चुकली. आबांनी कळ उचलली, किक मारली, आणि मी मागे बसले. अठरा किलोमीटर. उतरले तेव्हा पायाखालची जमीन थरथरत होती, आणि हाताला मुंग्या अशा की हॉलतिकीट धरवेना. पेपर सुरू झाला, पहिलं पान लिहिलं आणि बघते तर अक्षर माझं नाहीच. दुसऱ्या पानापासून मी लिहिलं, पहिलं बुलेटने लिहिलं. तपासणाऱ्याने दोघींना मिळून बासष्ट मार्क दिले. आरसे तर त्या गाडीला शोभेचेच होते. चालू गाडीत त्यात मागचं एक झाड तीन दिसायचं.

मधे एक येझ्दी येऊन गेली, काकांची. तिची किक हाच तिचा गिअर, तीच कळ उभी करून किक मारायची आणि पाडून गिअर टाकायचा. मिस्तरीला टू स्ट्रोकमध्ये रस नव्हता, त्यामुळे ती टिकली नाही. लुना मात्र टिकली. ती मायची. हो, मायची! पन्नास सीसीची, सायकलसारखे पेडल असलेली. माय नऊवारीतच ती चालवत मळ्यात जायची, पुढे भाकरींचं गाठोडं, मागे चाऱ्याचा भारा, आणि भाऱ्यामुळे मागून माय दिसायचीच नाही, नुसता चारा चाललाय असं वाटायचं. गावात पहिले आठ दिवस बायका दारात उभ्या राहून बघायच्या. नवव्या दिवशी तिघींनी आपापल्या नवऱ्याला लुनाचा भाव विचारला. तिच्या लुनावर लिहायला हवं, पण तो वेगळा विषय आहे.

आता त्या ठिगळवाल्या मोटारीचं. १९९१ मध्ये भावाचं लग्न ठरलं आणि आबांना वाटलं, घरात चार चाकं हवीत. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी मारुती घेतली होती, त्यांची जुनी डॉल्फिन विकायला होती. बंगळूरला सिपानी कंपनीने १९८२ पासून काढलेली गाडी, ८४८ सीसीची, दोन दारांची, आणि तिचं सगळं अंग फायबर ग्लासचं. गंजणार नाही, एवढंच आबांनी ऐकलं. चांगल्या खिल्लारी जोडीपेक्षा स्वस्तात पडली. मिस्तरीने बोनेटवर बोटांनी टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाला, "हाई गाडी शे का घागर शे?" त्याने तिला पाना लावला नाही तो शेवटपर्यंत.

त्या वर्षीच्या पोळ्याला बैल सजवून, शिंगं रंगवून दारात आणले. डॉल्फिन तिथेच उभी. आमच्या धाकट्या बैलाला तिच्या दारात आपलं रूप दिसलं की काय कोण जाणे, त्याने मान हलवली आणि शिंग आरपार गेलं. पत्रा असता तर पोचा आला असता. इथे सरळ भोक, आणि भोकाच्या कडेला शिंगाचा लाल रंग. आबा आधी धावले ते बैलाकडे, शिंगाला लागलं का बघायला. पाण्याच्या फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारा एक जण जळगावहून आला, त्याने जाळी आणि रसायन लावून भोक बुजवलं, पण रंग त्याच्याकडे टाक्यांचाच होता. भावाची वरात त्या ठिगळासकट निघाली. वर्षभरात ती गाडी आम्ही विकली, आणि घेणाऱ्याने ठिगळाकडे बोट दाखवून हजार रुपये कमी केले.

आबा गेले, मिस्तरीही गेला. भावाकडे आता चारचौघांसारखी पांढरी गाडी आहे, कर्ज काढून नवी घेतलेली. बुलेटचा सांगाडा खळ्यात आहे, त्यावर रात्री कोंबड्या बसतात. गेल्या महिन्यात पुण्याहून एकाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवतात म्हणे, डिझेल बुलेटला चांगला भाव देऊ म्हणाले. भाव ऐकून भावाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, इंजिन मूळचंच आहे ना, आणि चालू आहे का?

भाऊ म्हणाला, मूळचंच आहे, आणि रोज चालतं. फक्त गाडीत नाही, कडबाकुट्टीला जोडलंय. बघायचं असेल तर पाचनंतर या, तेव्हा चारा कापायचा असतो.