पारा उडतो, पण जातो कुठं?

कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकीचं दुकान असलं की झारेकरी मामांशी रोजचं बोलणं असतंच. दुकानांसमोरची, गटारीकडेची धूळ ते झाडून नेतात, घमेल्यात धुतात, खाली उरलेल्या काळ्या रेतीत पारा घालून हातानं मळतात. बारीक सोनं पारा धरतो. फडक्यातून पिळून जादा पारा काढायचा, उरलेली पांढरट गोळी तापवायची. पारा ३५७ अंशाला उकळतो, सोन्याला वितळायला १०६४ लागतात. म्हणून पारा जातो, सोनं राहतं. "मामा, तापवता कुठं?" विचारलं तर म्हणाले, "घरामागं. वारं असतंय की तिथं."

घाना, पेरू, इंडोनेशियातले छोटे खाणकामगार हेच करतात, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. माणसाच्या कामांमुळं २०१५ साली जेवढा पारा हवेत गेला, त्यातला सुमारे ३८ टक्के या धंद्याचा. ही वाफ फुफ्फुसातून रक्तात, तिथून मेंदूत जाते. नदीत उतरलेला पारा माशांमार्फत ताटात येतो. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या जागतिक करारात भारतही आहे. त्यात पाऱ्यावर सरसकट बंदी नाही. पण वाफ मोकळी सोडून गोळी तापवणं आणि वस्तीत तापवणं, या गोष्टी साफ थांबवायला सांगितल्यात. सरसकट बंदी नाही, हे मला पटतं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन कुणी पारा सोडत नसतो.

उपाय साधा आहे. झाकण घट्ट बसणारा लोखंडी डबा, त्याला लांब नळी, नळीवर ओलं फडकं. वाफ नळीत गार होते, पारा थेंबाथेंबानं खालच्या भांड्यात पडतो आणि पुन्हा वापरता येतो. नळीचं तोंड मात्र पाण्यात बुडवायचं नाही. डबा निवताना पाणी आत ओढलं जातं आणि तापल्या डब्यात स्फोट होतो. काम वस्तीबाहेर, मोकळ्या हवेतच करायचं, लेकरं लांब ठेवून. तोंडाला साधा मास्क लावून काही होत नाही, वाफ त्यातून आरपार जाते.

फिलिपिन्सच्या बेंगेटमध्ये तर पाऱ्याशिवायच भागवतात: रेती नीट धुवून गाळायची आणि टाकणखार (बोरॅक्स) घालून थेट मुशीत वितळवायची. टाकणखार आपल्या प्रत्येक सोनाराकडं असतो! पण सोनं फार बारीक किंवा रेती जास्त असेल तर ते जमत नाही.

मग डबा वापरत का नाहीत? वेळ लागतो, आतलं दिसत नाही, आणि सोनं कधीकधी तपकिरी निघतं. घेणारा रंग बघून भाव पाडतो. म्हणजे गाठ आम्हा सोनारांपाशी आहे. शिवाय तापवून आणलेल्या त्या सोन्यातही थोडा पारा उरलेलाच असतो. आम्ही ते भर पेठेत वितळवतो, वर माणसं राहतात. भट्टीवर धूर ओढून पारा अडवणारी सोय हवी, नुसता पंखा वाफ शेजाऱ्याकडं ढकलतो.

डबा उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देईल. मामांना सांगितलंय, निम्मे पैसे माझे. आणि रंगावर भाव कापणार नाही. वितळवून जो कस लागेल, तोच दर.