गेली एकदाची वॅगनआर

आज आमची २०१२ ची वॅगनआर विकली. आठवडाभर फोनवर जे झेललं ते विचारू नका. एक जण म्हणे, "मी फौजी आहे, गाडी न बघताच घेतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल." अरे बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?

शेवटी हडपसरचे एक काका आले. घरी न बोलावता कर्वे रोडला बँकेच्या दारातच भेटलो. चक्कर मारताना मी शेजारी बसलो. काकांनी डिकीचं मॅटिंग उचलून गंज शोधला, डिपस्टिक दोनदा पुसून ऑइल बघितलं. डाव्या दाराला आलेला पोचा मीच आधी दाखवला. त्यात पाच हजार गेले, जाऊ देत. पैसे खात्यात दिसल्यावरच किल्ली दिली.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून मगच सह्या केल्या. "कोऱ्यावर सही करा, एजंट बघेल" हे साफ नाकारलं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आपल्या नावावर आहे तोवर अपघाताची भरपाई आपल्या गळ्यात येऊ शकते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये तेच सांगितलंय. आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं; मी उद्याच संगम पुलाजवळच्या आरटीओत जाणार. गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहून काकांची सही घेतली, फास्टॅग बंद केला.

डॅशबोर्डवरचा गणपती मात्र काढायचा राहिला. काका म्हणाले, "राहू द्या की, त्यांना कशाला हलवता?"